मेलाटोनिन

मेलाटोनिन हे मेंदूतील पीनियल ग्रंथीतून प्रामुख्याने रात्री स्रवणारे संप्रेरक आहे. ते केव्हा स्रवावे हे मेंदूतील जैविक घड्याळ ठरवते. मात्र स्रवण्याची वेळ झालेली असतानाही डोळ्यांवर पुरेसा प्रकाश पडल्यास त्याची निर्मिती झपाट्याने घटते. म्हणून त्यास 'अंधाराचे संप्रेरक' असेही म्हटले जाते. मेलाटोनिनचा निद्रेशी निकटचा संबंध असला तरी ते मूलतः झोपेचे द्रव्य नाही. रात्र झाली आहे आणि ती किती लांबीची आहे, हा निरोप शरीरातील सर्व अवयवांना पोचवणे हे त्याचे मुख्य कार्य होय. उंदीर, घूस यांसारख्या निशाचर प्राण्यांतही ते रात्रीच, म्हणजे त्यांच्या जागेपणाच्या काळात स्रवते.

रात्रपाळीचे काम, रात्रीचे सिंचन आणि दुभत्या जनावरांचे प्रजनन या तिन्ही बाबी या यंत्रणेशी निगडित आहेत. त्यामुळे पुणे जिल्ह्यातील शिरूर व दौंड तालुक्यांसारख्या शेती, रेल्वे आणि कारखानदारी एकत्र नांदणाऱ्या भागांत तिचे परिणाम दैनंदिन जीवनात आढळतात.

शोधाचा इतिहास

सजीवांच्या अंगी स्वतःचे कालभान असते, याचा पहिला प्रायोगिक पुरावा १७२९ साली फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ द मेराँ यांनी नोंदवला. लाजाळूसारख्या वनस्पतीची पाने संपूर्ण अंधारात ठेवली तरी नेहमीच्या वेळी उघडतात व मिटतात, असे त्यांना दिसून आले. पीनियल ग्रंथीचे कार्य मात्र दीर्घकाळ अज्ञात होते. सतराव्या शतकात देकार्त यांनी तिला आत्म्याचे आसन मानले होते. १९१७ साली मॅकॉर्ड व ॲलन यांना या ग्रंथीच्या अर्काने बेडूकमाशांची त्वचा फिकट होते असे आढळले. हा धागा पकडून अमेरिकेतील येल विद्यापीठाचे त्वचारोगतज्ज्ञ ॲरन लर्नर यांनी गाईगुरांच्या हजारो पीनियल ग्रंथींपासून १९५८ साली मेलाटोनिन वेगळे केले. कोडावर उपाय शोधणे हा त्यांचा हेतू होता. तो साधला नाही, परंतु त्यातून एका नव्या संप्रेरकाची ओळख पटली.

१९७२ साली जैविक घड्याळाचे मेंदूतील स्थान निश्चित झाले. १९८० साली आल्फ्रेड लुई व सहकाऱ्यांनी तीव्र प्रकाशाने माणसातील मेलाटोनिन दबते हे सिद्ध केले. त्यापूर्वी मानवावर प्रकाशाचा असा परिणाम होत नसावा, असा समज होता. तो समज घरगुती दिव्यांइतक्या मंद प्रकाशात केलेल्या प्रयोगांमुळे निर्माण झाला होता. जैविक घड्याळाच्या जनुकीय यंत्रणेच्या शोधाबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश व मायकेल यंग यांना २०१७ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

जैविक घड्याळ

मानवी मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस या भागात, दोन्ही डोळ्यांच्या दृक्‌चेता जेथे एकमेकींना छेदतात त्या जागेच्या लगेच वर, चेतापेशींचे दोन लहान पुंजके असतात. त्यांस सुप्राकायझमॅटिक केंद्रक म्हणतात. दोन्ही मिळून त्यांत सुमारे २०,००० चेतापेशी असतात. प्रत्येक पेशीत काही जनुके विशिष्ट प्रथिने तयार करतात. ही प्रथिने पुरेशी साठली की आपल्याच जनुकांचे कार्य थांबवतात आणि त्यांचा ऱ्हास झाल्यावर चक्र पुन्हा सुरू होते. या एका आवर्तनास सुमारे एक दिवस लागतो.

हे घड्याळ अचूक २४ तासांचे नसते. माणसांत त्याचा सरासरी आवर्तकाल २४ तासांहून किंचित अधिक, सुमारे २४.२ तास आहे. म्हणजेच बाहेरून दुरुस्ती न झाल्यास ते रोज काही मिनिटे मागे पडत जाईल. ही रोजची दुरुस्ती प्रामुख्याने सूर्यप्रकाश करतो. पूर्णतः अंध असलेल्या अनेक व्यक्तींमध्ये ती होत नाही. परिणामी त्यांच्या झोपेची नैसर्गिक वेळ दिवसेंदिवस पुढे सरकत राहते.

डोळ्यापासून ग्रंथीपर्यंतचा मार्ग

दृष्टिपटलात दंडपेशी व शंकुपेशींव्यतिरिक्त मेलानोप्सिन हे रंगद्रव्य असलेल्या काही विशेष चेतापेशी असतात. त्या स्वतः प्रकाशसंवेदी असतात, हे २००२ साली स्पष्ट झाले. त्यांचे मुख्य काम वस्तू दाखवणे हे नसून सभोवती उजेड किती आहे हे मोजणे हे आहे. सुमारे ४८० नॅनोमीटर तरंगलांबीच्या निळसर प्रकाशास त्या सर्वाधिक प्रतिसाद देतात. काही अंध व्यक्तींमध्ये या पेशी शाबूत असतात. अशा व्यक्तींना काहीही दिसत नसले तरी प्रकाशाने त्यांचे मेलाटोनिन कमी होते.

या पेशींचे तंतू थेट जैविक घड्याळापर्यंत जातात. तेथून संदेश हायपोथॅलॅमसच्याच दुसऱ्या एका केंद्रकातून मेरुरज्जूच्या छातीकडील भागात उतरतो. पुढे मानेतील अनुकंपी चेतागुच्छिकेतून वर चढून तो पीनियल ग्रंथीत पोचतो. घड्याळ व ग्रंथी यांच्यात अंतर अल्प असूनही संदेश असा वळसा घेतो. त्यामुळेच मानेच्या ठिकाणी मेरुरज्जू तुटल्यास मेलाटोनिनची रात्रीची लय नाहीशी होते.

दिवसा जैविक घड्याळ या मार्गावर जणू ब्रेक दाबून ठेवते. रात्री हा ब्रेक सुटतो. चेतातंतूंच्या टोकांतून नॉरॲड्रेनलिन हे द्रव्य पीनियल पेशींवर पडते आणि निर्मितीस आरंभ होतो. रात्री डोळ्यांवर प्रकाश पडला की ब्रेक पुन्हा दाबला जातो.

निर्मितीची प्रक्रिया

मेलाटोनिनचा कच्चा माल म्हणजे आहारातील प्रथिनांतून मिळणारे ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल. त्यापासून प्रथम सेरोटोनिन तयार होते आणि सेरोटोनिनचे पुढील दोन टप्प्यांत मेलाटोनिनमध्ये रूपांतर होते. यांपैकी पहिल्या टप्प्याचे विकर रात्री अनेक पटींनी क्रियाशील होते. प्रकाश पडताच ग्रंथीतील या विकराचा वेगाने नाश होतो. प्रकाशाची खरी पकड याच टप्प्यावर असते.

पीनियल ग्रंथी मेलाटोनिनचा साठा करीत नाही. ते तयार होताच रक्तात मिसळते. रक्तातील त्याचे प्रमाण निम्मे होण्यास पाऊण तासाच्या आसपास वेळ लागतो. यकृतात त्याचे विघटन होऊन अवशेष मूत्रावाटे बाहेर पडतात. मंद प्रकाशात असलेल्या व्यक्तीत नेहमीच्या झोपेच्या साधारण दोन तास आधी मेलाटोनिन वाढू लागते, मध्यरात्रीनंतर दोन ते चारच्या दरम्यान उच्चतम पातळी गाठते व पहाटेनंतर उतरते.

प्रकाशाचे दोन परिणाम

प्रकाशाचे मेलाटोनिनवर दोन भिन्न परिणाम होतात. पहिला तात्कालिक असतो: रात्री उजेड पडला की निर्मिती घटते. दुसरा जैविक घड्याळाच्या काट्यांवर होतो. संध्याकाळी व रात्रीच्या पूर्वार्धात मिळालेला प्रकाश घड्याळ मागे टाकतो, म्हणजे दुसऱ्या दिवशी झोप उशिरा येते. पहाटेच्या सुमारास व सकाळी मिळालेला प्रकाश घड्याळ पुढे आणतो. परीक्षेच्या काळात मध्यरात्रीपर्यंत प्रखर दिव्याखाली अभ्यास करून सकाळी बंद खोलीत झोपणाऱ्या विद्यार्थ्यास दोन्ही बाजूंनी उशिराकडे ढकलणारा संदेश मिळतो.

भर दुपारच्या उन्हाची तीव्रता सुमारे १,००,००० लक्स, घरातील संध्याकाळच्या दिव्यांची साधारणतः १०० ते ३०० लक्स आणि पौर्णिमेच्या चांदण्याची एका लक्सहूनही कमी असते. संध्याकाळी मेलाटोनिन निम्म्यावर आणण्यास सरासरी २५ लक्सच्या आसपासचा प्रकाशही पुरेसा ठरल्याचे २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. मात्र ही संवेदनशीलता व्यक्तिव्यक्तींत अनेक पटींनी भिन्न असते. २०२२ साली तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने मेलानोप्सिनच्या संवेदनशीलतेवर आधारित लक्स हे एकक वापरून शिफारशी केल्या. त्यांनुसार डोळ्यांशी मोजलेला प्रकाश दिवसा किमान २५०, झोपेपूर्वीच्या तीन तासांत कमाल १० आणि झोपेच्या वेळी कमाल १ असावा.

शिरूर व दौंड येथील दिनमान

घोड नदीकाठचे शिरूर व भीमा नदीकाठचे दौंड ही गावे सुमारे १८.५ ते १८.८ अंश उत्तर अक्षांशावर आहेत. येथील सर्वांत मोठा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा, तर सर्वांत लहान सुमारे अकरा तासांचा असतो. युरोपच्या उत्तर भागात हा फरक दहा तासांहून अधिक असतो. त्या मानाने येथे निसर्गतः मेलाटोनिनच्या रात्रीची लांबी वर्षभरात फारशी बदलत नाही.

भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर बेतलेली आहे, तर ही गावे सुमारे ७४.५ अंशांवर आहेत. त्यामुळे येथे सूर्य माथ्यावर येतो तेव्हा मनगटी घड्याळात सरासरी साडेबारा वाजून गेलेले असतात. जैविक घड्याळ सूर्याशी जुळते, तर शाळा व कचेऱ्या प्रमाणवेळेशी. जानेवारीत सातच्या सुमारास सूर्योदय होत असताना सकाळच्या सत्रातील विद्यार्थ्यांना अंधारातच उठावे लागते, त्या वेळी अनेकांचे मेलाटोनिन पुरेसे उतरलेले नसते.

रात्रपाळी व रात्रीचे सिंचन

दौंड हे मध्य रेल्वेवरील महत्त्वाचे जंक्शन असून येथून सोलापूर, मनमाड व बारामतीकडे मार्ग फुटतात. लोको पायलट, गार्ड, स्टेशनमास्तर, पॉइंट्समन व रुळांची गस्त घालणारे कर्मचारी यांच्या कामास रात्र-दिवस असा भेद नसतो. दौंड तालुक्यातील कुरकुंभ व शिरूर तालुक्यातील रांजणगाव या औद्योगिक वसाहतींतही अनेकांना पाळ्यांमध्ये काम करावे लागते. उसाच्या या पट्ट्यात गळीत हंगामात साखर कारखाने अहोरात्र चालतात.

याच परिसरात शेतकऱ्याचीही एक रात्रपाळी असते. महाराष्ट्रात कृषिपंपांना वीज आळीपाळीने दिवसा व रात्री मिळते. रात्रीची पाळी असलेल्या आठवड्यात उसाला पाणी देण्यासाठी अंधारात दारे धरावी लागतात. उसात बिबट्यांचा वावर असल्याने शिरूर तालुक्यात हे काम जिवावर बेतणारे ठरू शकते. दिवसा वीजपुरवठा करण्यासाठी राज्य शासनाने २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू केली.

मेलाटोनिनच्या दृष्टीने ही दोन जागरणे सारखी नाहीत. कारखान्यातील कामगार प्रखर दिव्यांखाली असतो. त्याचे मेलाटोनिन दबते व घड्याळ मागे सरकू लागते. मात्र सकाळी घरी परतताना डोळ्यांवर पडणारे ऊन ते पुन्हा दिवसाकडे ओढते. परिणामी त्याचे घड्याळ रात्रीच्या कामाशी सहसा पूर्ण जुळत नाही आणि दिवसाची झोप तुटक होते. शेतातील मनुष्य बॅटरीच्या अंधूक उजेडात असतो. त्याचे मेलाटोनिन बरेचसे शाबूत राहते; शरीर गाढ रात्रीच्या अवस्थेत असतानाच त्याला ओल्या बांधावरून चालावे लागते. पहिल्यात रात्रीचा निरोपच पुसला जातो, तर दुसऱ्यात निरोप पोचूनही पाळता येत नाही. पहाटे दोन ते पाच या वेळेत सावधता सर्वांत कमी असते, ही बाब दोघांनाही लागू पडते.

जैविक लय बिघडवणारी रात्रपाळी 'बहुधा कर्करोगकारक' असल्याचे वर्गीकरण जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००७ साली केले व २०१९ साली ते कायम ठेवले. हे वर्गीकरण पुराव्याच्या बळकटीविषयी आहे. रात्रपाळी करणाऱ्या प्रत्येकास धोका किती, हे त्यातून कळत नाही.

पशुपालनातील महत्त्व

मेलाटोनिनच्या रात्रीच्या लांबीवरून अनेक प्राण्यांचे शरीर ऋतू ओळखते. म्हैस ही दिवस लहान होऊ लागल्यावर प्रजननक्षम होणाऱ्या प्राण्यांत मोडते. उन्हाळ्यात म्हशी माजावर येण्याचे प्रमाण घटते किंवा माजाची लक्षणे स्पष्ट दिसत नाहीत. यास मुका माज म्हणतात. पावसाळा सरता सरता व हिवाळ्यात हे प्रमाण वाढते. महाराष्ट्राच्या अक्षांशावर दिनमानाचा फरक कमी असल्याने उष्णता व हिरव्या चाऱ्याची उपलब्धता यांचाही त्यात मोठा वाटा असतो. उन्हाळ्यात माजावर न येणाऱ्या म्हशींच्या कातडीखाली मेलाटोनिन बसवण्याचे प्रयोग भारतात झाले आहेत.

उसाला तुरा येणेही दिवसाच्या लांबीवर अवलंबून असते. मात्र ती लांबी वनस्पती फायटोक्रोम या वेगळ्या रंगद्रव्याच्या साहाय्याने ओळखतात. पीनियल ग्रंथीसारखी रचना त्यांच्यात नसते.

वय, औषधे व गोळ्या

नवजात बालकांत मेलाटोनिनची लय नसते. ती साधारणतः तिसऱ्या महिन्यानंतर प्रस्थापित होते. बालपणात रात्रीची पातळी सर्वाधिक असते व वयानुसार ती उतरत जाते. रक्तदाबासाठी दिली जाणारी बीटा ब्लॉकर गटातील काही औषधे निर्मिती कमी करतात, कारण नॉरॲड्रेनलिन ज्या ग्राहकांमार्फत ग्रंथीस उद्युक्त करते तेच ती अडवतात.

मेलाटोनिनच्या गोळ्यांचा परिणाम घेण्याच्या वेळेनुसार बदलतो. संध्याकाळी घेतल्यास घड्याळ पुढे येते, सकाळी घेतल्यास मागे जाते. म्हणजे प्रकाशाच्या नेमके उलट. दूरच्या विमानप्रवासानंतरचा त्रास व उशिरा झोप येण्याचा विकार यांत त्या उपयोगी पडू शकतात. गाढ झोप लावणारे औषध म्हणून त्यांचा प्रभाव सौम्य असतो. अमेरिकेत त्या आहारपूरक म्हणून विकल्या जातात, तर युरोपात अनेक देशांत त्यांस डॉक्टरांची चिठ्ठी लागते. कॅनडात २०१७ साली तपासलेल्या उत्पादनांत प्रत्यक्ष मात्रा लेबलवरील मात्रेहून ८३ टक्के कमीपासून ४७८ टक्के अधिकपर्यंत आढळली. इतर औषधे घेणाऱ्यांनी, गर्भवतींनी व लहान मुलांच्या बाबतीत पालकांनी वैद्यकीय सल्ल्याविना त्यांचा वापर करू नये.

हेही पाहा

पीनियल ग्रंथी
हायपोथॅलॅमस
सेरोटोनिन
निद्रा
भारतीय प्रमाणवेळ