दोन नौका, दोन गती

बिदर जिल्ह्यातील मन्नाएखेळ्ळीसारख्या, सागरापासून दूरच्या गावी इतिहास शिकविणाऱ्या शिक्षकास किल्ला दाखवावयाचा तर बिदरचा कोट जवळ आहे. आरमार मात्र शब्दांनीच उभे करावे लागते. मुंबईस 'विक्रांत' होती तोवर ही उणीव भरून काढण्याची सोय होती.

ब्रिटनमध्ये १९४५ साली जलावतरण झालेली ही विमानवाहू नौका ४ मार्च १९६१ रोजी भारतीय नौदलात दाखल झाली. १९७१ च्या युद्धात तिच्यावरील विमानांनी चितगाव व कॉक्स बाजार येथे हल्ले चढविले. १९९७ साली ती निवृत्त झाली; २००१ पासून संग्रहालयरूपाने लोकांस पाहावयास मिळू लागली. परंतु २०१२ मध्ये सुरक्षिततेच्या कारणास्तव ते बंद झाले आणि २०१४ साली नौका मोडीत निघाली.

याच मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातील जमशेटजी बमनजी यांनी बांधलेली सागवानी 'ट्रिंकोमाली' १८१७ मध्ये पाण्यात उतरली. विसाव्या शतकाच्या अखेरीस तिचा जीर्णोद्धार झाला आणि इंग्लंडातील हार्टलपूल येथे ती आजही तरंगत आहे. म्हणजे लाकूड टिकले, पोलाद गेले! फरक धातूचा नव्हे. जतनासाठी वर्षानुवर्षे सोसावयाच्या खर्चाचा व निश्चयाचा आहे.

२०२२ मध्ये 'विक्रांत' हेच नाव घेऊन नवी नौका नौदलात दाखल झाली, हे उचितच झाले. तथापि नावाने परंपरा चालते, पुरावा राहत नाही. विद्यार्थ्यास ज्या डेकवर उभे करता आले असते, तो आता केवळ छायाचित्रांत उरला आहे.