वधस्तंभ कशासाठी? चार शतकांची मराठी उत्तरं

"देवाला माफच करायचं होतं, तं पोराचा जीव कायले घेतला?"

किरनापुरात माझ्या वडिलांना एका शेतकऱ्याने हा प्रश्न विचारला होता. वडील दवाखान्यात कंपाउंडर होते. पायाच्या जखमेवर पट्टी बांधता बांधता त्यांनी उत्तरादाखल दामाजीपंतांची गोष्ट सांगितली. मंगळवेढ्याच्या दामाजीने दुष्काळात बादशहाची धान्याची कोठारं रयतेसाठी उघडली. शिक्षेची वेळ आली तेव्हा विठोबा महाराचं रूप घेऊन बिदरला गेला, दरबारात रक्कम मोजून दिली आणि पावती घेतली. "तसंच आमच्या प्रभूनं आमचं देणं भरलं," वडील म्हणाले. शेतकरी थोडा थांबून म्हणाला, "दामाजीनं तं पुण्य केलं होतं. तुमच्यावाला देव पाप्याचं कर्ज फेडते, हे कसं?"

मी तेव्हा शाळकरी होतो. पुढे शिक्षक झालो, निवृत्त झालो, हाती येईल ते ख्रिस्ती आणि बिगरख्रिस्ती साहित्य वाचलं, आणि माझी खात्री पटली की त्या दोघांनी दवाखान्याच्या बाकावर एका फार जुन्या वादाला हात घातला होता. दामाजीच्या गोष्टीत देणं बादशहाचं होतं. येशूच्या मरणाने देणं फिटलं असं म्हणायचं, तर ते कोणाचं?

या प्रश्नावर चर्चचं एकमत कधीच नव्हतं. तिसऱ्या शतकातल्या ओरिजेनच्या मते खंडणी सैतानाला दिली गेली, कारण माणूस त्याच्या कैदेत होता. कॅंटरबरीचा आर्चबिशप अन्सेल्म याने १०९८ साली पुरा केलेल्या ग्रंथात हे नाकारलं. सैतानाचं देवाकडे काहीच येणं नाही; पापाने देवाच्या प्रतिष्ठेचा भंग होतो आणि त्याची भरपाई देवालाच व्हायला हवी, असं त्याचं म्हणणं. पुढच्याच पिढीत पॅरिसच्या आबेलारने विचारलं की निरपराध्याचं रक्त मागणारा देव न्यायी कसा? वधस्तंभावर देवाचं प्रेम उघड होतं आणि ते पाहून माणसाचं मन पालटतं, हे त्याचं उत्तर. सोळाव्या शतकात कॅल्व्हिनने सारं न्यायालयाच्या चौकटीत बसवलं. शिक्षा आमची, ती भोगली ख्रिस्ताने. त्याच शतकात सोत्सिनीने हरकत घेतली की कर्ज वसूल झालं असेल तर माफी कसली, आणि माफी दिली असेल तर वसुली कसली! आमच्या शेतकऱ्याचा प्रश्न तो हाच. येशू आमच्यासाठी वधस्तंभी खिळला गेला, एवढं निकेयाच्या मतांगीकारात आहे. ते कसं आणि का, हे त्यात ठरवून दिलेलं नाही.

मराठीत या प्रश्नाचं पहिलं मोठं उत्तर गोव्यात, साष्टीतल्या राशोलला छापलं गेलं. इंग्लंडच्या विल्टशरमधला थॉमस स्टीफन्स हा जेझुइट १५७९ साली गोव्यात उतरला आणि १६१९ साली मरेपर्यंत इथेच राहिला. त्याचं 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली रोमन लिपीत निघालं. जवळजवळ अकरा हजार ओव्या, दोन भाग. पहिल्यात सृष्टीपासून तारकाची वाट पाहणारं जग, दुसऱ्यात येशूचा जन्म, यातना, मरण आणि पुनरुत्थान. माणूस सैतानाच्या ताब्यात गेला आहे आणि सोडवणारा येतो आहे, हा या पुराणाचा मूळ धागा. म्हणजे उत्तर जुन्या परंपरेतलं, पण ओवीच्या चालीत चालणारं आणि स्वर्गाला वैकुंठ म्हणणारं. रविवारी आणि सणावारी चर्चमध्ये ते वाचून दाखवत. ज्यांची पुराणं हिरावली गेली होती, त्यांना पुन्हा एक पुराण ऐकायला मिळालं.

हिरावली गेली होती, हे मी मुद्दाम लिहितो. राशोलच्या किल्ल्याच्या कप्तानाने १५६७ साली साष्टीतली देवळं पाडली. इन्क्विझिशन त्याआधीच, १५६० साली, गोव्यात बसलं होतं. सत्तेपुढे निःशस्त्र उभा राहून मारला गेलेला तारक आमच्या भाषेत आला तो जेत्यांच्या सत्तेच्या छायेत. ख्रिस्ती माणूस म्हणून मला हे बोचतं आणि ते बोचत राहिलं पाहिजे. स्टीफन्सच्या मराठीवरचं माझं प्रेम त्याने कमी होत नाही. त्या भाषेचा अभिमान त्याने आपल्या ओव्यांतून ज्या मोकळेपणाने सांगितला, तसा आपल्यापैकी फार थोड्यांनी सांगितला आहे.

'ख्रिस्तपुराणा'नंतर दोनशे वर्षांनी वाद मुंबईत आला. अमेरिकन मिशनरी १८१३ साली तिथे पोचले, स्कॉटिश त्यांच्या मागून. त्यांच्या छोट्या पुस्तकांत कॅल्व्हिनचं न्यायालय होतं. देव न्यायाधीश, माणूस आरोपी, ख्रिस्त जामीन. मोरभट दांडेकरांनी १८३१ साली जॉन विल्सन यांच्याशी जाहीर वाद केला आणि 'श्रीहिंदुधर्मस्थापना' लिहिलं. १८५७ साली विष्णुबुवा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर आठवड्यामागून आठवडे मिशनऱ्यांना जाब विचारत होते. मराठी माणसाने हा सिद्धांत निमूटपणे ऐकून घेतला नाही. त्याने आधी भांडण केलं, मग काहींनी स्वीकारला, बहुतेकांनी नाकारला.

या भांडणातला सर्वांत प्रामाणिक माणूस मला नीळकंठ गोरे वाटतात. चित्पावन घराणं, जन्म १८२५ सालचा, बुंदेलखंडातला, शिक्षण काशीत. ख्रिस्ती होण्याआधी, विशीही ओलांडलेली नसताना, त्यांनी संस्कृतात 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' लिहून ख्रिस्ती मताचं खंडन केलं. मर्यादित आयुष्यातल्या पापाला अनंत नरक देणारा देव दयाळू कसा, हा त्यांचा एक मुख्य आक्षेप. १८४८ साली जौनपूरला त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि नीळकंठाचे नेहेम्या झाले. प्रश्न मात्र सुटला नाही. अनंत शिक्षेच्या विचाराने ते पुढेही अस्वस्थ होत राहिले. हा माणूस शंका मनात ठेवून १८९५ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, विश्वासात टिकला. वधस्तंभाचा हिशोब चोख जुळल्याशिवाय श्रद्धा ठेवता येत नाही, असं म्हणणाऱ्यांनी गोऱ्यांचं चरित्र वाचावं.

जोतीराव फुले ख्रिस्ती झाले नाहीत. पण १८७३ च्या 'गुलामगिरी'त त्यांनी येशूला पश्चिमेकडचा बळीराजा म्हटलं. आपल्याकडे दिवाळीत बायका "इडापिडा टळो, बळीचं राज्य येवो" म्हणून ओवाळतात, तो हा बळी. दीनदुबळ्यांच्या बाजूने उभा राहिला म्हणून कपटाने संपवलेला राजा. फुल्यांच्या मांडणीत भरपाई नाही, न्यायाधीशही नाही. आहे तो जुलूम करणाऱ्यांनी केलेला सज्जनाचा वध, आणि त्याचं राज्य परत येईल ही आशा. चर्चने हे उत्तर शिकवलं नाही, तरी येशूला कोणी मारलं आणि का मारलं, हा प्रश्न फुल्यांनी जमिनीवर आणला. पिलाताचा दरबार, याजकांचे डावपेच, रोमी शिपाई हे सारं शुभवर्तमानात आहेच. फक्त हिशोबाच्या नादात आम्ही ते विसरतो.

आता आमच्या, किरनापूरच्या मुलखाकडे येतो. बालाघाट जिल्हा १८६७ साली भंडारा, मंडला आणि शिवनीचे तुकडे जोडून झाला. १९५६ पर्यंत आमची राजधानी नागपूरच होती. घरात मराठी, शेजारी पोवारी, शाळेत हिंदी, असं आमचं जगणं. ख्रिस्ती मिशनची वाटही नागपुराहूनच. स्टीफन हिस्लॉप १८४५ साली तिथे आले, शाळा काढली, गोंडांच्या गाणी-कथा टिपल्या, आणि १८६३ साली टाकळघाटाजवळ नदीच्या पुरात बुडून गेले. बालाघाटच्या डोंगराळ बाजूला, बैहरला, पुढे जे. लॅम्पार्ड नावाचे मिशनरी राहिले. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथातला बैगा आदिवासींवरचा मजकूर लॅम्पार्ड यांच्या लेखनाच्या आधारे लिहिलेला आहे. कोंबडा-बोकडाचा नवस फेडणाऱ्या लोकांना रक्त सांडण्याचा अर्थ समजावून द्यावा लागत नाही. त्यांना नवल वाटतं ते एवढंच की इथे बळी देवाने दिला, माणसाने नाही.

नारायण वामन टिळकांची गोष्टही आमच्या अंगणावरून गेलेली आहे. नागपुरात आप्पासाहेब बुटींकडचं काम सुटल्यावर, १८९३ च्या सुमारास ते राजनांदगावला नोकरीसाठी निघाले. भंडारा, तुमसर, गोंदिया हीच ती लाईन. गोंदियाहून वाघ नदी ओलांडली की आमचा जिल्हा सुरू होतो. डब्यात एक युरोपियन प्रवासी होता. गप्पा संस्कृत काव्यापासून सुरू झाल्या आणि देवावर आल्या. उतरताना त्या गृहस्थाने टिळकांच्या हाती नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असं भाकीत केलं. टिळकांना ते हास्यास्पद वाटलं. पण पुस्तक उघडलं आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते थांबले, पुढे जाववेना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

म्हणजे टिळक वधस्तंभाच्या हिशोबाने आत आले नाहीत. ते शिकवण देणाऱ्याच्या प्रेमात पडले, आणि मग त्याच्यामागे वधस्तंभापर्यंत गेले. त्यांच्या अभंगांत ख्रिस्त माउली आहे, गुरू आहे. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या पायाशी आलो, हे ते उघड सांगत. संतांच्या देवाला भक्तासाठी कष्ट उपसायची सवय असते. जनाबाईबरोबर तो दळतो, दामाजीसाठी महार होतो. त्या देवाला ओळखणाऱ्या कवीला, स्वतः खिळे सोसणारा देव परका वाटला नाही. 'ख्रिस्तायन' या काव्याचे सुरुवातीचे अध्याय लिहून टिळक १९१९ साली गेले. पुढचे साठाहून अधिक अध्याय त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी लिहिले. शाळेचं तोंड न पाहिलेल्या, नवऱ्याच्या धर्मांतराने पाच वर्षं त्याच्यापासून दूर राहिलेल्या, आणि मग स्वतःच्या विचाराने विश्वासात आलेल्या बाईने येशूचं मरण मराठी ओवीत सांगितलं. १९३६ साली त्याही गेल्या, आणि १९३८ साली ग्रंथ प्रसिद्ध झाला.

पंडिता रमाबाईंची वाट आणखी वेगळी. १८८३ साली इंग्लंडमध्ये वॉंटेजला बाप्तिस्मा घेतल्यावरही त्यांनी कोणाचं दडपण मानलं नाही. त्यांच्यासाठीच्या क्रूसावरचा लॅटिन मजकूर त्यांना नको होता; आपल्या देशभगिनींना लॅटिन कळत नाही, तिथे संस्कृत असावं, हा त्यांचा आग्रह. ख्रिस्ती धर्म आपल्याला आधी मिळाला आणि ख्रिस्त पुढे कैक वर्षांनी, असं त्यांनी १९०७ च्या आपल्या साक्षीत सांगितलं. स्त्रियांना आणि शूद्रांना शास्त्रांनी मोक्षाचं दार बंद केलेलं त्यांनी पाहिलं होतं. काहीही पुण्य पदरी नसताना, फुकट, आत्ता, याच देहात तारण मिळतं, हा त्यांच्यासाठी वधस्तंभाचा अर्थ. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी दुष्काळातल्या पोरक्या मुलींना आणि विधवांना घेतलं, ते याच उत्तराच्या बळावर. शेतकऱ्याच्या "पाप्याचं कर्ज फेडते, हे कसं?" या प्रश्नाला मला माहीत असलेलं सर्वांत चोख प्रत्युत्तर केडगावचं आहे.

बालाघाटच्या चर्चमध्ये उत्तम शुक्रवारी बारा ते तीन उपासना असते. वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात, हिंदीत. वर्षानुवर्षं मी ऐकत आलो आणि बहुतेक भाषणांत मला कचेरी ऐकू येते. दंड, जामीन, निकाल. ते खोटं आहे असं मी म्हणत नाही. पौलाच्या पत्रांत त्याला आधार आहे. पण सात उद्गारांतला पहिलाच काय आहे ते पाहा. खिळे ठोकणाऱ्यांना क्षमा कर, अशी ती बापाजवळची विनंती आहे. प्राण जायच्या कितीतरी आधी, कोणी पश्चात्ताप केलेला नसताना, क्षमा मागितली गेली. रक्त सांडेपर्यंत बाप राग धरून बसला होता आणि मग निवळला, हे चित्र या पहिल्या उद्गाराशी जुळत नाही. क्षमा आधीपासून होतीच; ती करताना देवाला काय सोसावं लागतं, ते त्या टेकडीवर दिसलं. म्हणून देणं कोणाचं, या प्रश्नाला माझं उत्तर असं की क्षमा करणाऱ्यालाच क्षमेची किंमत मोजावी लागते, आणि देवाने ती स्वतः मोजली. ज्याने भावकीतलं एखादं मोठं वैर मनापासून सोडलं आहे, त्याला हे समजावून सांगावं लागणार नाही.

आमच्या पाळकांना आणि संडेस्कूलच्या शिक्षकांना माझी विनंती आहे. इंग्रजीतून आलेली एकच मांडणी मुलांना पाठ करायला लावू नका. स्टीफन्सच्या ओव्या, गोऱ्यांच्या शंका, फुल्यांचा बळीराजा, टिळकांचे अभंग, रमाबाईंची साक्ष आणि लक्ष्मीबाईंचं 'ख्रिस्तायन' त्यांच्यापुढे ठेवा. हिंदीत शिकणाऱ्या आमच्याकडच्या मुलांना तर मुद्दाम मराठीत वाचून दाखवा. येत्या दुःखसहनाच्या आठवड्यात रोज संध्याकाळी 'ख्रिस्तायना'चा एक अध्याय घरी मोठ्याने वाचला, तरी सुरुवात होईल. आणि शेजारच्या कोणी "कायले?" असं विचारलं, तर त्याला बसवून घ्या आणि त्याचं सगळं म्हणणं आधी ऐका.