मोडकं लग्न सांधायचं शिक्षण : एका बापाच्या प्रश्नाच्या निमित्तानं

गेल्या आठवड्यात ओळखीतले एक गृहस्थ मुलीला घेऊन घरी आले. मुलगी मानसशास्त्र घेऊन बीए झालीय. पुढं तिला 'मॅरेज अँड फॅमिली थेरपी' म्हणजे नवरा-बायको आणि कुटुंबातल्या ताणतणावांवर उपचार करायचं पदव्युत्तर शिक्षण घ्यायचंय, तेही अमेरिकेत. खर्चाचा आकडा पाहून बाप हबकलेला. म्हणाले, "भाऊ, तुम्ही पेपरवाले, तुम्हाला माहिती असते. लोकांची भांडणं मिटवायला पदवी कशाला लागते? आमच्या वाड्यात आजी मिटवायची. आणि ही शिकून आली तर इथं हिला विचारणार कोण?"

मुलगी एवढंच म्हणाली, "काका, आजी मिटवायची म्हणजे काय करायची, ते पण बघा."

मी म्हटलं, चार दिवस द्या, बघून सांगतो. जे सापडलं ते त्या दोघांना सांगितलंच, पण हा प्रश्न असलेली घरं आपल्या तालुक्यात बरीच आहेत, म्हणून इथं मांडतोय. पोस्ट लांब आहे, सवडीनं वाचा.

सुरुवात अमेरिकेपासून करतो, कारण हे शिक्षण वेगळ्या नावानं उभं राहिलं ते तिथं. आणि सुरुवात काही फार अभिमानाची नाही. 1930 मध्ये लॉस एंजेलिसला पॉल पोपेनो नावाच्या माणसानं 'अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ फॅमिली रिलेशन्स' ही संस्था काढली. तिथल्या लग्न-सल्ला केंद्रांतलं हे सगळ्यात गाजलेलं. हा माणूस डॉक्टर नव्हता, मानसशास्त्रज्ञही नव्हता. तो खजुराच्या झाडांचा जाणकार. 1913 मध्ये त्यानं खजुराच्या लागवडीवर पुस्तक लिहिलं होतं. नावापुढं 'डॉक्टर' लागलं ते एका कॉलेजनं दिलेल्या मानद पदवीमुळं. झाडांच्या वाणावरून तो माणसांच्या 'वाणा'वर आला. 'चांगल्या' लोकांनी लग्नं टिकवावीत आणि मुलं वाढवावीत, 'नालायक' लोकांची नसबंदी करावी, अशा विचाराचा तो पुरस्कर्ता होता. त्यावर त्यानं पुस्तकंही लिहिली. लग्नाचा सल्ला हे त्याच विचाराचं दुसरं टोक. योग्य माणसांचं लग्न मोडता कामा नये, मग आत कुणाला काय सोसावं लागो.

1953 पासून तिथल्या 'लेडीज होम जर्नल' या मासिकात 'हे लग्न वाचेल का?' अशा अर्थाच्या नावाचं सदर सुरू झालं. त्यातल्या हकिगती सुरुवातीला पोपेनोच्या संस्थेतल्या असत. सदर तुफान चाललं. आणि बऱ्याचदा निष्कर्ष काय, तर बाईनं थोडं बदलावं. आपल्याकडं याला दोन शब्द आहेत : जुळवून घे.

मग हे बदललं कसं? दोन गोष्टी घडल्या. एक, याच धंद्यातल्या जाणत्या लोकांना लक्षात आलं की पाटी लावून कुणीही बसतोय. 1942 मध्ये विवाह समुपदेशकांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. 1963 मध्ये कॅलिफोर्निया राज्यानं पहिल्यांदा या कामाला परवाना लागू केला. एकेक राज्य करत सगळ्या 50 राज्यांत परवाना यायला 2009 साल उजाडलं. म्हणजे 46 वर्षं लागली.

दुसरी गोष्ट विचाराची. 1950 नंतर नेथन अॅकरमन, ग्रेगरी बेटसन, साल्वादोर मिनुशिन यांच्यासारख्यांनी वेगळंच काही मांडलं. घरातला एक माणूस 'बिघडलेला' दिसतो, तेव्हा त्या एकट्याला तपासून भागत नाही. घरात कोण बोलतं, कोण गप्प बसतं, कोण कुणाच्या आड लपतं, हे बघावं लागतं. मिनुशिननं तर न्यूयॉर्कच्या गरीब वस्त्यांतल्या कुटुंबांबरोबर काम करून हे दाखवलं. इथून हा सल्ल्याचा धंदा न राहता शिकायचा विषय झाला.

आता आपल्याकडं या. आपल्याकडं काहीच नव्हतं असं नाही. पोपेनोच्या आधी नऊ वर्षं, 1921 मध्ये, र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. या कामापायी त्यांना गणिताच्या प्राध्यापकाची नोकरी सोडावी लागली. 1927 मध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं. त्यात ते वाचकांच्या अगदी खाजगी प्रश्नांना उत्तरं देत. घरात ज्यावर तोंड उघडायची सोय नव्हती, ते लोक त्यांना पत्रानं विचारत. त्या उत्तरांवरूनच 1934 मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. कोर्टात त्यांची बाजू मांडली बाबासाहेब आंबेडकरांनी. नवरा-बायकोच्या प्रश्नाला सरळ, शास्त्रीय उत्तर देणं हा गुन्हा नाही, हे सांगायला बाबासाहेब उभे राहिले! हा आपला वारसा आहे आणि तो आपण विसरलोय.

1936 मध्ये मुंबईत समाजकार्याचं पदव्युत्तर शिक्षण देणारी देशातली पहिली संस्था निघाली. तिचं तेव्हाचं नाव सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क, आजची 'टिस'. पुढच्याच वर्षी या संस्थेनं मुलांच्या मानसिक अडचणींसाठी मार्गदर्शन केंद्र काढलं. पोराच्या निमित्तानं आईबापांशी बोलणं तिथं आलंच. 1955 मध्ये मुंबईत निर्मला निकेतन आणि 1963 मध्ये पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था ही समाजकार्याची कॉलेजं आली.

आणि एक गोष्ट अमृतसरची. 1950 च्या दशकात तिथल्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी पेशंटच्या नातेवाइकांना आवारात तंबू ठोकून राहायला सांगितलं. आई, भाऊ, बायको सगळे पेशंटजवळ. डॉक्टर त्या सगळ्यांशीच बोलायचे. अमेरिकेतले लोक कुटुंबाला एकत्र बसवायचे प्रयोग करत होते, तेव्हा आपल्याकडं हे तंबूत चालू होतं. म्हणजे डोकं कमी पडलं नाही. कमी पडलं ते पुढचं : त्याचा वेगळा अभ्यासक्रम, वेगळी पदवी, वेगळा परवाना.

खरी गंमत कायद्यात आहे. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यातच कोर्टाला सांगितलंय की शक्य असेल तिथं आधी समेटाचा प्रयत्न करा. पण न्यायाधीशानं तो करायचा कसा? 1976 मध्ये परस्पर संमतीनं घटस्फोटाची तरतूद आली आणि त्यात सहा महिने थांबायला सांगितलं. त्या सहा महिन्यांत नवरा-बायकोशी बोलणार कोण? याचं उत्तर 1984 च्या कौटुंबिक न्यायालय कायद्यानं दिलं. कोर्टात समुपदेशक असेल असं त्यात लिहिलं. 1989 मध्ये पुण्यात आणि मुंबईत ही न्यायालयं सुरू झाली. महाराष्ट्राच्या नियमांनी समुपदेशकासाठी समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी आणि कुटुंब समुपदेशनाचा अनुभव मागितला.

थोडक्यात, अमेरिकेत आधी धंदा आला, मग शिक्षण, मग परवाना. आपल्याकडं कायद्यानं आधी खुर्ची मांडली आणि त्या खुर्चीत बसणाऱ्याचं खास शिक्षण मागं राहिलं. समाजकार्याच्या पदवीतून जे हाताला लागलं त्यावर लोकांनी काम रेटलं आणि अनेकांनी फार चांगलं केलं.

त्या कायद्यात अजून एक मेख आहे. दहा लाखांच्या वर लोकसंख्या असलेल्या शहरात कौटुंबिक न्यायालय काढणं सरकारवर बंधनकारक. बाकी ठिकाणी सरकारला गरज वाटली तर. आपलं गाव 'बाकी'त येतं. आपल्याकडं खुर्चीसुद्धा नाही.

मग आपल्याकडं हे काम करतं कोण? इथं मला माझीच एक गोष्ट सांगायची आहे.

सतराएक वर्षांपूर्वी मी एक बातमी केली होती. जवळच्या एका गावात सासरहून निघून आलेल्या लेकीला गावातल्या चार प्रतिष्ठितांनी बैठक घेऊन परत नांदायला पाठवलं. शंभराच्या स्टॅम्पपेपरवर दोघांच्या सह्या, फोटो, हार. मी मथळा दिला, 'मोडणारा संसार सावरला'. खूप फोन आले, कौतुक झालं. दीड वर्षानं ती बाई मला एसटी स्टँडवर भेटली. तिनंच ओळख दिली. म्हणाली, "दादा, त्या दिवशी मला कुणी काही विचारलंच नव्हतं. सही कुठं करायची तेवढं दाखवलं." तिच्या एका कानाला ऐकू येत नव्हतं. का, ते मी विचारलं नाही. बातमी करतानाही विचारलं नव्हतं.

ती बैठक घेणारी माणसं वाईट नव्हती. पण त्यांना 'संसार टिकवणं' एवढंच काम माहीत होतं. मारहाण चालू असताना दोघांना समोरासमोर बसवून समेट करायचा नसतो, दोघांशी आधी वेगवेगळं बोलायचं असतं, गप्प बसणं म्हणजे होकार नसतो, हे शिकावं लागतं. वय झालं म्हणून आपोआप येत नाही.

आपल्या राज्यात हे ओळखून काम झालंय. 1984 मध्येच 'टिस'नं मुंबई पोलीस आयुक्तालयात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पोलिसांच्या आवारात प्रशिक्षित समाजकार्यकर्ता बसवला. पुढं राज्य सरकारनं तो जिल्ह्याजिल्ह्यांत नेला. 2005 च्या घरगुती हिंसाचार कायद्याच्या नियमांत तर स्पष्ट आहे की समुपदेशनात मारहाणीचं समर्थन ऐकून घ्यायचं नाही. पोपेनोपासून इथवर यायला जगाला पाऊण शतक लागलं. माझी बातमी या नियमांच्या नंतरची आहे, हे सांगायला लाज वाटते.

आता त्या बापाचा प्रश्न. मी त्यांना चार गोष्टी सांगितल्या.

एक. भारतात 'मॅरेज अँड फॅमिली थेरपिस्ट' असा वेगळा परवाना नाही. 2021 च्या संलग्न आरोग्य व्यवसाय कायद्यात मानसशास्त्रज्ञ आहेत, समाजकार्यकर्ते आहेत, कुटुंबनियोजनाचे समुपदेशकसुद्धा आहेत. लग्न-कुटुंबाचा थेरपिस्ट असं नाव नाही. त्यामुळं तिकडची पदवी घेऊन आलं की इथं काय म्हणून उभं राहायचं, हे जायच्या आधी ठरवा. कौटुंबिक न्यायालयाच्या नोकरीसाठी जाहिरातीत समाजकार्याची पदवी मागतात, ती ही पदवी नव्हे.

दोन. अमेरिकेत पदवी म्हणजे परवाना नव्हे. कॅलिफोर्नियाचंच घ्या. देखरेखीखाली 3,000 तास काम आणि तेही किमान 104 आठवडे, म्हणजे दोन वर्षं. विद्यार्थी व्हिसावर शिकून झाल्यावर कामाची मुभा साधारण 12 महिन्यांची. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या सरकारी यादीत अभ्यासक्रम असेल तरच ती वाढते. हा हिशेब एजंट सांगत नाही. कॉलेजला लेखी विचारा. आणि परवाना राज्याचा असतो, देशाचा नव्हे.

तीन. इथं शिकायचं तर समाजकार्याची किंवा मानसशास्त्राची पदव्युत्तर पदवी हाच रस्ता. त्यात प्रत्यक्ष कुटुंबांबरोबर किती काम करायला मिळतं आणि चुका दाखवणारं अनुभवी माणूस डोक्यावर असतं का, हे त्या कॉलेजच्या जुन्या विद्यार्थ्यांना विचारा. 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' व्हायचं तर पुनर्वसन परिषदेची नोंदणी लागते, तो रस्ता वेगळा.

चार. घरबसल्या पदवीच्या नादी लागू नका. 2025 मध्ये यूजीसीनं मानसशास्त्रासह आरोग्याशी जोडलेले अभ्यासक्रम दूरस्थ आणि ऑनलाइन चालवायला बंदी केलीय. तीन महिन्यांचं सर्टिफिकेट घेऊन 'मॅरेज काउन्सिलर' अशी पाटी लावणारे आपल्या जिल्ह्यातही दिसतात. 1963 च्या आधीची अमेरिका आणि आजचे आपण यात मला फार फरक दिसत नाही.

बाप म्हणाले, "म्हणजे नको म्हणता?" मी म्हटलं, नको नाही. जमीन गहाण टाकून घाईनं नको. आधी इथं दोन वर्षं शिकू दे, महिला कक्षात, कोर्टात, दवाखान्यात काम करू दे. मग तिला कळेल तिला तिकडं नेमकं काय शिकायला जायचंय. मुलगी म्हणाली, "काका, पण मग तिकडं कधीच जाणं होणार नाही." तेही खरंच असू शकतं. निर्णय अजून झालेला नाही. तो त्या घराचा आहे.

माझं मागणं मात्र या पोरीकडं नाही, आपल्याकडं आहे. आपल्या तालुक्याच्या कोर्टात शिकलेला समुपदेशक बसावा, ही मागणी करायला दहा लाख लोकसंख्येची वाट बघायची गरज नाही. 'गरज वाटली तर' असं कायद्यात लिहिलंय. गरज आहे हे सरकारला सांगावं लागतं. वकील मंडळींनो, सरपंचांनो, तुमचं यावर काय म्हणणं आहे ते खाली लिहा.

आणि 'मोडणारा संसार सावरला' असा मथळा मी त्यानंतर कधी दिलेला नाही.