दादासाहेब मावळंकर आणि हिशेब मागणारे सभागृह

गुजरातेत राहून मराठी माणसाने या भूमीला आणि देशाला काय दिले, असा विषय मंडळात निघाला की मला गणेश वासुदेव मावळंकर आठवतात. घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातले, जन्म १८८८ साली बडोद्याचा, वकिली आणि सार्वजनिक कार्य अहमदाबादेत. लोक त्यांना दादासाहेब म्हणत. १९३७ मध्ये ते मुंबई प्रांताच्या विधानसभेचे अध्यक्ष झाले. तेव्हा आपले सुरतही त्याच प्रांतात होते. १९५२ मध्ये ते लोकसभेचे पहिले अध्यक्ष झाले. इतके बहुतेकांना ठाऊक असते. पण सरकारला आणि खुद्द सभासदांनाही जाब विचारणाऱ्या समित्यांची घडी त्यांच्याच काळात बसली, हे फारसे सांगितले जात नाही.

लोकलेखा समितीचेच पाहा. आपल्या गुजराती कागदपत्रांत तिला ‘जाहेर हिसाब समिती’ म्हणतात. ती १९२१ पासून होती. पण इंग्रजी अमलात तिचे अध्यक्षपद सरकारच्याच अर्थखात्याच्या प्रमुखाकडे असे. खर्च करणारा आणि तो तपासणारा एकाच घरचा! १९५० मध्ये राज्यघटना लागू झाली आणि ही समिती सभागृहाच्या अध्यक्षांच्या अखत्यारीत आली. त्याच वर्षी अंदाज समिती स्थापन झाली. १ डिसेंबर १९५३ रोजी दादासाहेबांनी सरकारी आश्वासन समिती नेमली. मंत्र्यांनी सभागृहात ‘चौकशी करू’, ‘विचार करू’ असे म्हटले, की ते टिपून ठेवायचे आणि पुढे त्याचे काय झाले हे विचारायचे, एवढेच तिचे काम. काम साधे, पण किती गरजेचे!

खरी कसोटी लागली ती १९५१ मध्ये. लोकसभा अजून अस्तित्वात यायची होती. हंगामी संसद होती आणि दादासाहेब तिचे अध्यक्ष होते. मुंबईचे सभासद एच. जी. मुद्गल यांच्यावर आरोप आला, की मुंबईच्या सोने-चांदी व्यापाऱ्यांच्या संघटनेकडून पैसे घेऊन ते तिच्यासाठी सभागृहात प्रश्न विचारतात, विधेयकाला दुरुस्त्या सुचवतात. मुद्गल सत्ताधारी काँग्रेसचेच. तरीही जून महिन्यात पंतप्रधान नेहरूंनी स्वतः चौकशी समितीचा प्रस्ताव मांडला. टी. टी. कृष्णमाचारी अध्यक्ष असलेल्या पाच जणांच्या समितीत दुर्गाबाईही होत्या, पुढे चिंतामणराव देशमुखांशी विवाह झाल्यावर दुर्गाबाई देशमुख म्हणून ओळखल्या गेलेल्या. समितीने मुद्गलांना बाजू मांडण्याची संधी दिली, पुरावा तपासला आणि त्यांचे वर्तन सभागृहाच्या प्रतिष्ठेला बाधा आणणारे ठरवले. सप्टेंबरात हकालपट्टीचा प्रस्ताव चर्चेला आला तेव्हा मुद्गलांनी राजीनामा दिला. पण सभागृहाने विषय तिथे सोडला नाही. ते हकालपट्टीलाच पात्र होते, असा ठराव करूनच प्रकरण संपवले. २००५ मध्ये प्रश्नांसाठी पैसे घेतल्याबद्दल दोन्ही सभागृहांतून अकरा खासदार काढले गेले, तेव्हा याच जुन्या प्रकरणाचा दाखला दिला गेला.

मी स्वतः पदविका घेऊन राज्य सरकारच्या नोकरीत लागलेला माणूस. नोकरीच्या सुरुवातीला आमच्या कार्यालयात एका जुन्या कामाबद्दल ऑडिट पॅरा निघाला होता आणि पुढे विधानसभेच्या समितीचा प्रश्न आला. रेकॉर्ड रूममध्ये तीन दिवस आम्ही मेजरमेंट बुक शोधत होतो. सापडले तेव्हा त्यात एका मोजणीखाली तारीखच नव्हती. काम झाले होते, पण ते सिद्ध करताना साहेबांना घाम फुटला. त्या दिवसापासून मी तारीख घातल्याशिवाय सही करत नाही. समितीसमोर गांधीनगरला मी कधी गेलो नाही, जाण्याइतका मोठाही नाही. पण तिथे विचारलेला एक प्रश्न माझ्या टेबलापर्यंत पोहोचला, हे मी अनुभवले आहे.

समित्यांना मर्यादाही आहेत. त्यांच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात. १९८७ च्या बोफोर्स समितीवर विरोधकांनी बहिष्कार टाकला, त्यामुळे तिचा अहवाल अनेकांना पटलाच नाही. जिथे एकाच बाजूची माणसे बसतात, तिथे चौकशीवर विश्वास बसत नाही. म्हणूनच १९६७ पासून लोकलेखा समितीचे अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याची चांगली प्रथा पडली. तिचे पहिले मानकरी मिनू मसानी, आणि ते त्या वेळी आपल्या राजकोटचे खासदार होते, हे विशेष.

फेब्रुवारी १९५६ मध्ये अध्यक्षपदावर असतानाच दादासाहेबांचे निधन झाले. त्यांच्या काळाने दिलेला धडा मोठ्या सभागृहापुरताच नाही. विसर्जनानंतरच्या बैठकीत आपले खजिनदार पावतीपुस्तके घेऊन हिशेब वाचतात, तेव्हा निम्मी मंडळी उठून जातात. यंदा आपण सगळे बसून राहू या. प्रश्न विचारू या आणि खजिनदारांनीही तो राग न मानता ऐकावा. हिशेब विचारणे म्हणजे अविश्वास नव्हे. आपले समजतो तिथेच माणूस हिशेब विचारतो.

गणपती बाप्पा मोरया!