खाणीतील विद्युत अभियंता

खाणीला लागणारी वीज आणणे, ती भूमिगत खाणीच्या टोकापर्यंत किंवा खुल्या खाणीच्या तळापर्यंत पोहोचवणे, तिच्यावर चालणारी यंत्रे राखणे आणि धोक्याच्या क्षणी ती तोडणे, ही कामे पाहणारा अभियंता. यांतले शेवटचे काम सर्वांत मोलाचे. एरवी वीज खंडित होऊ न देणे यात विद्युत अभियंत्याचे कौशल्य मानले जाते. खाणीत ती वेळेवर खंडित झाली नाही, तर माणसे जातात.

ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यात कोळशाची किंवा धातुकाची खाण नाही. जमिनीखाली दख्खनचा काळा बसाल्ट आहे, त्यामुळे आहेत त्या दगडखाणीच. तरीही या पेशाशी या शहरांचे नाते जुने आहे. ठाकुर्लीचे चोळे पॉवर हाउस जीआयपी रेल्वेने १९२९ मध्ये सुरू केले. कल्याणपुढे पुण्याच्या आणि इगतपुरीच्या बाजूला विजेच्या गाड्या धावू लागल्या त्या कोळशावर चालणाऱ्या या वीजघराच्या बळावर. १९८०च्या दशकाच्या अखेरीस ते बंद पडले. आता कोळशाऐवजी थेट वीजच येते. चंद्रपूर ते भिवंडी तालुक्यातील पडघे ही ७५२ किलोमीटरची, अधिक-उणे ५०० किलोव्होल्टची एकदिश प्रवाहाची वाहिनी १९९९ पासून १,५०० मेगावॉटपर्यंत वीज वाहून आणू शकते, आणि चंद्रपूरचे औष्णिक केंद्र मुख्यतः आसपासच्या खाणींच्या कोळशावर चालते. शिवाय ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कळवे-ऐरोली भागात सीमेन्स आणि भारत बिजलीचे कारखाने आहेत. मोटारी आणि ट्रान्सफॉर्मर बनवणाऱ्या या पट्ट्यातल्या अभियंत्याला खाणीतली यंत्रसामग्री परकी वाटत नाही. परके वाटतात ते तिथले नियम.

महाराष्ट्रात ही नोकरी प्रामुख्याने विदर्भात मिळते. कोल इंडियाची उपकंपनी असलेली वेस्टर्न कोलफील्ड्स १९७५ मध्ये स्थापन झाली. तिचे मुख्यालय नागपूरला, तर खाणी चंद्रपूर, बल्लारपूर, वणी, माजरी, उमरेड, कामठी या भागांत आणि सीमेपलीकडे मध्य प्रदेशात पेंच, कन्हान, पाथाखेडा येथे आहेत. मँगनीज काढणाऱ्या मॉइलचेही मुख्यालय नागपूरलाच. भंडारा जिल्ह्यात चिखला व डोंगरी बुजुर्ग, नागपूर जिल्ह्यात कांद्री, मनसर व गुमगाव, मध्य प्रदेशात बालाघाट अशा तिच्या खाणी. मँगनीजच्या खाणीत मिथेन वायूची भीती नसते, त्यामुळे तिथल्या अभियंत्याचे लक्ष माणसे व माल वर आणणाऱ्या वाइंडरवर, त्याच्या ब्रेकवर आणि पंपांवर अधिक. कोळशाच्या खाणीचे तसे नाही.

कोळशातून मिथेन झिरपत राहतो. हवेत त्याचे प्रमाण साधारण ५ ते १५ टक्के झाले की एका ठिणगीने स्फोट होतो. भारतात एक टन कोळशामागे किती वायू निघतो त्यावरून थरांच्या तीन श्रेण्या ठरवल्या आहेत : एक घनमीटरहून कमी ती पहिली, एक ते दहा ती दुसरी, दहाहून जास्त ती तिसरी. विद्युत नियम याहून सरळ आहे. हवेतील मिथेन १.२५ टक्क्यांवर गेला की त्या भागाची वीज तत्काळ तोडायची. स्फोटाच्या खालच्या मर्यादेचा हा चौथा हिस्सा आहे. वीज परत देण्याचा निर्णय मात्र अभियंत्याच्या एकट्याच्या हातात नसतो. मुख्य पंखा बंद पडला होता, तो दुरुस्त झाला, फीडर तयार आहे, वरून उत्पादनाची विचारणा चालू आहे, अशा वेळीही ओव्हरमन मिथेनमापक घेऊन चेहऱ्यापर्यंत, म्हणजे कोळसा काढायच्या टोकापर्यंत, जाऊन येतो. त्याने हवा ठीक असल्याचे सांगितल्याशिवाय स्विच लागत नाही. नव्या अभियंत्याला हे थांबणे जड जाते.

खाली जाण्याआधी लॅम्प रूममधून कॅप लॅम्प घ्यायचा, टोकन द्यायचे, कमरेला सेल्फ रेस्क्यूअर लावायचा आणि काडेपेटी-विडीसाठी झडती द्यायची. यातून साहेबही सुटत नाहीत. इनक्लाइनमधून उतरताना एका बाजूला हॉलेजचा दोर, दुसऱ्या बाजूला ब्रॅकेटवर टांगलेली केबल. प्रत्येक विभागात गेट एंड बॉक्स असतो. त्यातून कोळसा भरणाऱ्या एसडीएल यंत्राला ट्रेलिंग केबल जाते. या केबलमध्ये वीज नेणाऱ्या तारांबरोबर पायलट नावाची एक बारीक तार असते. यंत्राने केबल ओढली किंवा कुणी प्लग काढू लागले, की आधी पायलटचा मार्ग तुटतो आणि मुख्य संपर्क उघडे पडायच्या आत वीज गेलेली असते.

गेट एंड बॉक्सची पेटी फ्लेमप्रूफ असते. फ्लेमप्रूफ म्हणजे हवाबंद हा समज सार्वत्रिक आहे आणि तो चुकीचा आहे. आत वायू शिरणार हे गृहीतच धरलेले असते. आत स्फोट झाला तर पेटीने तो सोसायचा आणि झाकणाच्या रुंद, घासून सपाट केलेल्या कडांमधल्या फटीतून जाताना ज्वाला इतकी थंड व्हायची की बाहेरचा मिथेन पेटू नये, अशी तिची रचना. फट मिलिमीटरच्या अंशांत मोजतात, म्हणून इथल्या इलेक्ट्रिशियनच्या खिशात टेस्टरइतकेच फीलर गेज महत्त्वाचे. झाकणाचा एक बोल्ट कमी, कडेवर गंजाचा पापुद्रा, किंवा साहेबांच्या भेटीआधी कुणी हौसेने कडेवर ओढलेला रंग : यांपैकी काहीही असले तरी ती पेटी फ्लेमप्रूफ उरत नाही, वर कोणताही शिक्का असो.

घंटा, टेलिफोन यांसारख्या साधनांसाठी वेगळी वाट काढली गेली : परिपथात ऊर्जाच इतकी कमी ठेवायची की ठिणगी पडूनही वायू पेटणार नाही. या संशोधनाला जोर आला तो १९१३ मध्ये वेल्समधील सेंगहेनिड खाणीत ४३९ कामगार स्फोटात मेल्यानंतर; तिथे संकेताच्या घंटेच्या तारांवरील ठिणगीवर संशय होता.

तिसरी मोठी गोष्ट अर्थिंगची. डोंबिवलीच्या एखाद्या सोसायटीच्या मीटर रूममध्ये फेज जमिनीला भिडला तर प्रचंड प्रवाह वाहतो आणि फ्यूज उडतो. तिथे ते चालते, खाणीत चालत नाही. भूमिगत खाणीत १,१०० व्होल्टपर्यंतच्या जाळ्यात असा प्रवाह ७५० मिलिअँपिअरच्या आत ठेवावा लागतो. खुल्या खाणीत ११ किलोव्होल्टपर्यंत ५० अँपिअरच्या आत. त्यासाठी ट्रान्सफॉर्मरचा न्यूट्रल थेट जमिनीला न जोडता रोधातून जोडतात आणि अर्थ लीकेज रिले बसवतात. रिले वारंवार पडतो म्हणून तो बायपास करणे हा गुन्हा तर आहेच, पण त्याआधी तो वेडेपणा आहे.

खुल्या खाणीत वायूची चिंता जवळपास नाही, पण काम हलके नाही. शॉव्हेलसारख्या मोठ्या विद्युत यंत्रांना ६.६ किलोव्होल्टची वीज जमिनीवरून ओढल्या जाणाऱ्या केबलने मिळते. सुरुंगाआधी यंत्र मागे, केबल बाजूला, लाइनचा शटडाउन, आणि स्फोटानंतर सगळे परत. खाण जशी पुढे सरकते तसे खांबही उपटून पुढे न्यावे लागतात. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ अंशांपुढे जातो, तेव्हा ट्रान्सफॉर्मरच्या तेलाचे तापमान पाहत बसावे लागते. पावसाळ्यात वर्धा-पैनगंगेच्या काठच्या खाणींत रात्रंदिवस पंप. पाणी किती घातक ठरते हे २७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळच्या चासनाला खाणीने दाखवले : पाणी घुसून ३७५ माणसे मेली. ‘काला पत्थर’ या चित्रपटामागे हीच घटना होती.

डोंबिवलीच्या एमआयडीसीत रासायनिक कारखाने आहेत आणि तिथेही फ्लेमप्रूफ मोटारी लागतात, त्यामुळे इथल्या अभियंत्याला विषय माहीत असतो. पण अर्धाच. मिथेनसाठी खाणीतली उपकरणे पहिल्या गटात मोडतात, कारखान्यातली दुसऱ्या गटात. एकाची मान्यता धनबादच्या खाण सुरक्षा महानिदेशालयाकडे, दुसऱ्याची नागपूरच्या पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटनेकडे. कारखान्यातली मोटार उचलून खाणीत लावता येत नाही.

पेशात शिरण्याचा रूढ मार्ग म्हणजे विद्युत शाखेची पदवी किंवा पदविका; कोल इंडियाने अधिकाऱ्यांच्या भरतीसाठी अनेक वर्षे गेट परीक्षेचे गुण वापरले. जबाबदारीची सही करण्यासाठी राज्याच्या परवाना मंडळाचे, खाणींचा समावेश असलेले पर्यवेक्षक प्रमाणपत्र लागते. ते लवकर काढावे. कंपनीत विभाग विद्युत व यांत्रिकी असा एकत्र, ‘ई अँड एम’, असतो, तेव्हा दोर, गिअर आणि पट्टेही आपलेच समजायचे. स्त्रियांना भूमिगत काम बंद होते. २०१९ च्या अधिसूचनेने तांत्रिक व पर्यवेक्षणाच्या पदांवर दिवसपाळीत ते खुले झाले. ठिकाणांबद्दल गोड बोलण्यात अर्थ नाही : कंपनीची वसाहत, तीन पाळ्या, मध्यरात्रीचे फोन आणि कल्याणहून रात्रभराचा रेल्वेप्रवास.

ठाण्यालगतच्या दगडखाणींकडे या दृष्टीने फारसे कुणी पाहत नाही. तुर्भे-पारसिकच्या रांगेत आणि कल्याणच्या आसपास डोंगर कापून खडी काढली गेली. क्रशर, कन्व्हेअर, कॉम्प्रेसर यांच्या मोटारी, वर धूळ, खाली पाणी आणि डंपरच्या वाटेत पडलेली केबल, असे तिथले दृश्य. १९५२ च्या खाण अधिनियमाने उघड्या दगडखाणींना सूट दिली होती, पण खोली सहा मीटरच्या आत, एका दिवशी कामगार पन्नासपेक्षा जास्त नाहीत आणि स्फोटके वापरली जात नाहीत, या अटींवर. सुरुंग लावणारी खाण या सवलतीत बसत नाही, आणि खाणीला लागून असलेला तिचा क्रशर कायद्याच्या व्याख्येत खाणीचाच भाग ठरतो.