डोळा, आरसा आणि सेवाकेंद्र

प्रतिमा अस्पष्ट आली तर दोष कोणाचा, या प्रश्नाला साहित्याच्या अभ्यासकांच्या परिचयाचे एक भावंड आहे. कविता कळली नाही तर दोष कवितेचा की वाचकाचा, यावर मर्ढेकरांच्या निमित्ताने मराठी समीक्षेने पुष्कळ शाई खर्च केली. त्या वादात निदान कविता दोन्ही पक्षांसमोर छापलेली होती. व्यावसायिक डिजिटल कॅमेऱ्याच्या ऑटोफोकसविषयी गेल्या दोन दशकांत जे वाद झाले, त्यांत ज्या जागी दोष घडतो ती जागाच फिर्यादीला दिसत नाही. ही जागा त्याच्या नजरेआड कधी आणि कशी गेली, हे पाहण्याचा येथे प्रयत्न आहे. आरंभ नाशिकपासून करणे सोयीचे आहे, कारण आपल्याकडे कॅमेऱ्याच्या पोटात डोकावून पाहणारा सर्वांत प्रसिद्ध माणूस याच जिल्ह्यातला.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म १८७० साली त्र्यंबकेश्वरी झाला. चित्रपटाकडे वळण्यापूर्वी त्यांनी जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात शिक्षण घेतले, गोध्र्यात छायाचित्रणाचा धंदा केला, पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार आणि आरेखक म्हणून नोकरी केली आणि पुढे छपाईचा व्यवसाय केला. चित्रपटाच्या ध्यासात त्यांनी डोळ्यांवर इतका ताण दिला की काही काळ त्यांची दृष्टीच गेली. डॉक्टरांचे उपचार आणि तीन-चार चष्मे यांच्या साहाय्याने ती परत आली. फाळक्यांच्या चरित्रकारांना या प्रसंगात तपश्चर्या दिसते. आम्हांला त्यात एक निराळी गोष्ट महत्त्वाची वाटते. स्पष्ट दिसणे ही फुकट मिळालेली वस्तू नव्हे, हे या माणसाला यंत्र हाती येण्याआधीच कळले होते.

१९१२ च्या फेब्रुवारीत, विम्याची पॉलिसी गहाण टाकून, ते लंडनला गेले. मुंबईत असताना ते ‘बायोस्कोप’ या साप्ताहिकाचे वर्गणीदार होते. तेवढ्या ओळखीवर ते थेट त्याच्या कचेरीत शिरले. संपादक कॅबोर्न यांनी त्यांना यंत्रसामग्रीविषयी सल्ला दिला आणि वॉल्टन येथील निर्माते सेसिल हेपवर्थ यांच्याकडे पाठवले. हेपवर्थ यांनी आपला स्टुडिओ दाखवला. विल्यमसन कंपनीचा कॅमेरा, कच्ची फिल्म आणि फिल्मला छिद्रे पाडण्याचे यंत्र यांची मागणी नोंदवून फाळके परतले. माल मे महिन्यात मुंबईस आला आणि सोबतच्या आकृतीवरून त्यांनी चार दिवसांत कॅमेरा जोडून उभा केला. परक्या देशातल्या एका अनोळखी गिऱ्हाइकाला दोन आठवड्यांत दोन जाणती माणसे प्रत्यक्ष भेटली आणि एक नीट काढलेली आकृती मिळाली. आजच्या भाषेत ग्राहकसेवा म्हणावी ती एवढीच, आणि ती पुरली. ती पुरली याचे कारण मात्र केवळ इंग्रजांचे सौजन्य नव्हते. यंत्रच तसे होते.

हातचाकीवर चालणारी ती लाकडी पेटी होती. त्या काळच्या अनेक इंग्रजी कॅमेऱ्यांत मागच्या बाजूने, फिल्मच्या अर्धपारदर्शक पट्टीतूनच, भिंगाने टाकलेली प्रतिमा पाहता येई. जेथे चित्र उमटणार त्याच पृष्ठभागावर फोकस तपासायचा आणि मग मागचे झाकण लावून चाक फिरवायचे. पाहण्याची जागा आणि नोंद होण्याची जागा एकच. उरलेला पुरावा रात्री मिळे. दादरच्या घरी सरस्वतीबाई अंधारात फिल्मला छिद्रे पाडीत, रसायने तयार करीत, फिल्म धुवीत. चित्र अस्पष्ट निघाले तर कारणे मोजकीच होती: अंतर चुकले, पात्र हलले, भिंग ढिले झाले, फिल्म सपाट बसली नाही. ही सर्व कारणे हाताने चाचपून पाहण्याजोगी होती. वाटाण्याच्या रोपाची वाढ दाखवणारी चाचणीफीत त्यांनी एकेक चौकट टिपत महिनाभर घेतली, तीही याच घरात. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी कोरोनेशनमध्ये लागला. लगेच फाळक्यांनी बिऱ्हाड नाशिकला हलवले आणि ‘मोहिनी भस्मासुर’पासूनचे काम तेथे झाले. १९१८ साली हिंदुस्थान फिल्म कंपनीही नाशिकलाच उभी राहिली. मधल्या काळात ‘चित्रपट कसे तयार करतात’ अशी एक लहानशी फीतच त्यांनी काढली आणि पेटीच्या आत काय चालते ते प्रेक्षकांना दाखवून टाकले. नाशिकला चित्रपटसृष्टीचे माहेर म्हणून मिरवण्याची हौस अजून फिटलेली नाही. पण या उघडेपणाची आठवण त्या मिरवणुकीत फारशी कोणी काढत नाही.

यानंतरची साठ वर्षे येथे झपाट्याने ओलांडता येतात. कॅमेरे बदलले, भिंगे तेजस्वी झाली, पण फोकस डोळा आणि हातच करीत राहिले. एका भिंगाच्या रिफ्लेक्स कॅमेऱ्यात आरसा आला आणि त्याने पहिली फारकत केली. छायाचित्रकार आता फिल्मवरची प्रतिमा न पाहता आरशाने वर, घाशीव काचेवर फेकलेली प्रतिमा पाहू लागला. काच आणि फिल्म यांची अंतरे जुळलेली आहेत, हे त्याने विश्वासाने धरून चालायचे. दुसरी फारकत अधिक खोल होती. १९७७ साली कोनिकाच्या ‘सी ३५ एएफ’मध्ये हनीवेल या अमेरिकी कंपनीचे स्वयंचलित फोकसचे यंत्रांग बसवून आले. १९८५ साली मिनोल्टाने ‘७०००’ हा कॅमेरा काढला आणि फोकस करणारी सारी यंत्रणा कॅमेऱ्याच्या पोटात गेली. तंत्रज्ञानाच्या हक्कावरून हनीवेलने मिनोल्टाला अमेरिकी न्यायालयात खेचले आणि १९९२ मध्ये मिनोल्टाने पावणेतेरा कोटी डॉलर देऊन ते प्रकरण मिटवले. फोकसला एवढी किंमत आली होती.

या यंत्रणेचे काम समजून घेतल्याखेरीज पुढची तक्रार कळणार नाही. रिफ्लेक्स कॅमेऱ्यातील मुख्य आरशाचा मधला भाग अर्धपारदर्शक असतो. त्यातून आरपार गेलेला प्रकाश मागच्या एका चिमुकल्या उप-आरशावर पडतो आणि तो आरसा हा प्रकाश खाली, पेटीच्या तळाशी बसवलेल्या संवेदकाकडे वळवतो. भिंगाच्या दोन कडांमधून आलेल्या किरणांच्या दोन प्रतिमा तेथे तयार होतात. त्यांच्यातील अंतर मोजून यंत्र ठरवते की भिंग कोणत्या दिशेने आणि किती सरकवायचे. बटण दाबले की दोन्ही आरसे उचलले जातात, चित्र टिपले जाते, आरसे पुन्हा खाली येऊन स्थिरावतात. म्हणजे फोकस मोजला जातो एका जागी आणि चित्र उमटते दुसऱ्या जागी. दोन्ही अंतरे तंतोतंत सारखी असावीत, हा निर्मात्याचा शब्द. उप-आरसा केसभर कलला की तळाचा संवेदक ‘जुळले’ म्हणून कौल देतो आणि चित्रात नाक अस्पष्ट, कान स्पष्ट येतात. छायाचित्रकाराला आतून जे दिसते ते तिसऱ्याच जागेवरचे, वरच्या काचेवरचे. त्यामुळे त्याची साक्षही कामाची नाही.

कॅननच्या ‘ईओएस-१डी मार्क ३’चे प्रकरण या रचनेचे सर्वांत बोलके उदाहरण आहे. २००७ साली आलेला हा कॅमेरा क्रीडा आणि वृत्त छायाचित्रकारांसाठी होता: सेकंदाला दहा चित्रे, फोकसचे ४५ बिंदू. त्याच वर्षी कॅनडातील छायाचित्रकार रॉब गॅलब्रेथ यांनी हजारो चित्रांच्या आधारे दाखवून दिले की, विशेषतः उबदार हवेत आणि लख्ख उन्हात, धावत्या माणसाचा माग काढताना याचा फोकस ढळतो. काही महिन्यांनी, वर्ष संपण्यापूर्वी, कंपनीने उप-आरशातील दोष मान्य केला आणि ठरावीक अनुक्रमांकांचे कॅमेरे दुरुस्तीसाठी मागवले. दुरुस्तीनंतरही गॅलब्रेथ यांचे समाधान झाले नाही. या मधल्या महिन्यांत कॅमेरा वापरणाऱ्यांना काय काय ऐकावे लागले असेल, याची कल्पना ज्याने कधी सेवाकेंद्राची पायरी चढली आहे त्याला करता येईल: सेटिंग तपासा, भिंग बदलून पाहा, सरावाने जमेल. गंमत अशी की, प्रत्येक भिंगासाठी फोकस मागेपुढे किंचित सरकवण्याची सोय कॅननने छायाचित्रकाराच्या हाती प्रथम दिली ती याच कॅमेऱ्यात. कंपनीने एका हाताने पेटी मिटून घेतली आणि दुसऱ्या हाताने तिचा एक स्क्रू गिऱ्हाइकाकडे सोपवला, असे म्हटले तर चूक होणार नाही.

आता थोडे आमच्याकडचे. २०१५ च्या सिंहस्थात, २९ ऑगस्टच्या शाही स्नानाला, आमच्यापैकी एकाने रामकुंडाकडे येणाऱ्या आखाड्यांची चित्रे काढली. कॅमेरा नवा, व्यावसायिक दर्जाचा. तो कोणत्या कंपनीचा हे येथे महत्त्वाचे नाही. मागच्या रांगेतल्या पोलिसाच्या टोपीवरचे बोधचिन्ह वाचता येत होते, पुढच्या महंतांचे डोळे मात्र धुक्यात. एकदोन चित्रांत नव्हे, उजव्या बाजूचे बिंदू वापरलेल्या बहुतेक चित्रांत. कॅमेरा कुरिअरने मुंबईला गेला आणि तीन आठवड्यांनी परत आला. सोबतच्या कागदावर एक वाक्य होते: उपकरण निर्धारित मर्यादांच्या आत कार्य करीत असल्याचे आढळले. मर्यादा कोणत्या, त्या कोणी निर्धारित केल्या, आढळले कोणाला, याचा उल्लेख नाही. दूरध्वनी केला तर दर वेळी नवा आवाज, नवा तक्रार क्रमांक आणि पहिल्यापासून तीच कहाणी. दुसऱ्यांदा कॅमेरा गेला तेव्हा कागदावर तेच वाक्य आले, फक्त तारीख बदलून. दुसरी आणि तिसरी पर्वणीही सप्टेंबरात उरकली. त्यानंतर बारा वर्षांची वाट.

भाषेच्या विद्यार्थ्यांनी या वाक्याकडे जरा थांबून पाहावे, असे आम्हांला वाटते. कर्ता गाळलेले, भूतकाळात आटोपलेले, कोणतीही ग्वाही न देणारे हे कर्मणी वाक्य सरकारी टिपणीतून उचललेले दिसते. पण टिपणीखाली निदान सही आणि हुद्दा असतो. ‘मर्यादेच्या आत’ या शब्दांनी प्रश्नच बदलून टाकला आहे. चित्र स्पष्ट आहे का, हा छायाचित्रकाराचा प्रश्न. कॅमेरा कंपनीच्या व्याख्येत बसतो का, हा सेवाकेंद्राचा. पहिल्याला विचारलेले उत्तर दुसऱ्याचे मिळते. तंत्रज्ञ खोटे बोलतो असेही नाही. त्याच्यासमोर स्थिर तक्ता आहे, पुरेसा उजेड आहे, मधला बिंदू आहे; त्याच्या टेबलावर कॅमेरा बिनचूक आहे. रामकुंडाच्या पायऱ्यांवरून धावत सुटलेले साधू त्या तक्त्यावर कसे यायचे?

कायद्याची वाट येथे काय देते? ग्राहक चळवळीत महाराष्ट्र मागे नव्हता. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीची सुरुवात केली, ती १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा होण्याच्या बारा वर्षे आधी. पण व्यावसायिक कॅमेऱ्याची फिर्याद त्या कायद्याच्या दारातच अडखळते. व्यापारी कारणासाठी वस्तू घेणारा ‘ग्राहक’ नव्हे. स्वतःच्या उपजीविकेसाठी, स्वयंरोजगार म्हणून घेतली असेल तरच सूट, आणि ते स्पष्टीकरणही १९९३ साली जोडले गेले. लग्नाची, सभांची, यात्रेची चित्रे काढून पोट भरणारा एकटा छायाचित्रकार त्यात बसतो. दोन मदतनीस ठेवणारा स्टुडिओ बसतो की नाही, यावर वकील दिवसभर बोलू शकतात. शिवाय जो दोष नुसत्या पाहण्याने कळत नाही, त्यासाठी वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवण्याची तरतूद आहे आणि त्या तपासणीचे शुल्क तक्रारदाराने भरायचे आहे. २०१९ च्या नव्या कायद्याने जिल्हा मंचाचा आयोग केला; ही चौकट मात्र कायम ठेवली. उप-आरशाचा कल मोजणारी साधने मुळात कंपनीच्याच सेवाकेंद्रात असतील, तर पुरावा ज्याच्या ताब्यात त्याच्याविरुद्ध दाद मागायची, असा हा मामला होतो.

दरम्यान आरसाच गेला. सोनीने २०१३ पासून पूर्ण आकाराच्या संवेदकाचे आरसाविरहित कॅमेरे आणले, २०१८ मध्ये निकॉन आणि कॅनन त्याच वाटेने गेले. या कॅमेऱ्यांत फोकस मोजण्याचे बिंदू चित्र टिपणाऱ्या संवेदकावरच कोरलेले असतात. पाहण्याची आणि नोंदीची जागा पुन्हा एक झाली. विल्यमसनच्या पेटीत होती तशी. कललेल्या उप-आरशाची तक्रार त्यामुळे इतिहासजमा झाली. त्या जागी नवी आली आहे. भिंग कोठे रोखायचे हे आता चेहरे आणि डोळे ओळखणारी आज्ञावली ठरवते. जटा डोळ्यांवर उतरलेल्या, भस्माने कपाळापासून गालापर्यंत एकरंगी झालेल्या चेहऱ्यात तिला डोळा सापडला नाही, तर ती शेजारच्या बघ्याचा डोळा पकडते. ती असे का करते हे विचारायला आकृती नाही आणि वॉल्टनला जायची सोयही नाही. फर्मवेअरची पुढील आवृत्ती येईपर्यंत प्रतीक्षा करावी, असे उत्तर येते; त्याही वाक्याला कर्ता नसतो.