पंचाच्या हाती काय द्यावे? ‘डन्जन मास्टर्स गाइड’ (१९७९) आणि त्यामागचा जुना वाद

टेबलाभोवती चार-पाच जण बसले आहेत असे समजा. समोर कागद, पेन्सिली, फासे. प्रत्येकाने एकेक पात्र घेतले आहे. कुणी योद्धा, कुणी जादूगार. एक जण मात्र समोर काय दिसते ते सांगतो, वाटेत भेटणाऱ्या सगळ्यांच्या तोंडचे बोलतो आणि निवाडाही करतो. हा ‘गेम मास्टर’. त्याच्यासाठी लिहिलेल्या मार्गदर्शिकेत काय असावे? प्रश्न करमणुकीचा वाटतो, पण त्याचे मूळ लष्करी आहे.

१८२४ साली प्रशियातील लेफ्टनंट राइसविट्झ यांनी ‘क्रीगस्पील’ या युद्धखेळाचे नियम प्रसिद्ध केले. नकाशा, फासे, हानीची कोष्टके आणि एक पंच. खेळाडू पंचाला हुकूम देत. शत्रूचे जेवढे दिसू शकेल तेवढेच पंच सांगे. पुढे नियम इतके किचकट झाले की खेळ रेंगाळू लागला. १८७६ मध्ये सेनाधिकारी व्हेर्डी द्यू व्हेर्नुआ यांनी कोष्टके आणि फासे बाजूला ठेवून पंचाच्या निर्णयावरच खेळ चालवावा असे मांडले. यात मेख अशी की त्यासाठी मुरलेला अधिकारीच पंच हवा.

पंचाची ही कल्पना टॉटन यांच्या ‘स्ट्रॅटेगोस’ (१८८०) या पुस्तकातून अमेरिकेतही आली. १९६०च्या दशकात मिनेसोटातील हौशी खेळाडू डेव्हिड वेसली यांनी ती उचलली. त्यांच्याच मंडळातले डेव्ह आर्नेसन आणि विस्कॉन्सिनचे गॅरी गायगॅक्स यांनी १९७४ मध्ये ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ प्रसिद्ध केला. तीन छोट्या पुस्तिका, त्याही इतक्या मोघम की गावोगावी ज्याने त्याने आपापल्या परीने गाळलेल्या जागा भरल्या.

हा मोघमपणा संपवायला गायगॅक्स यांनी १९७९ मध्ये ‘डन्जन मास्टर्स गाइड’ लिहिले. त्यात काय नाही? सुरुवातीलाच फाशांच्या संभाव्यतेचे गणित. मग भाडोत्री सैनिकांचे पगार, किल्ला बांधण्याचा खर्च, रोग, रत्नांच्या किमती, राज्यपद्धतींचे प्रकार, जादूच्या वस्तूंची लांबलचक यादी. फासे टाकत एकट्याने भुयार रचण्याची सोयसुद्धा आहे. लढाईतला वार लागला की हुकला हे ठरवणारी कोष्टकेही इथेच, आणि खेळाडूंनी हे पुस्तक उघडू नये अशी अपेक्षा! मांडणी मात्र विस्कळीत. हवे ते पान खेळाच्या ऐन भरात सापडेल तर शपथ.

माझ्या मते या पुस्तकातले दोनच भाग खऱ्या अर्थाने पंच घडवतात. पहिला, गेम मास्टर आणि खेळाडू यांच्यातला नमुना-संवाद. एका मठाच्या तळघरात मंडळी शिरतात. ती काय विचारतात, मास्टर किती सांगतो आणि किती राखून ठेवतो, हे तिथे ऐकायला मिळते. दुसरा, ‘परिशिष्ट एन’ ही वाचनाची यादी. वार कोष्टक पाहून ठरवता येतो. पण दाराआड काय असावे हे सुचायला गोष्टी वाचलेल्या असाव्या लागतात.

आता एक विसंगती पाहा. सगळीकडे खेळ एकसारखा खेळला जावा म्हणून गायगॅक्स यांनी नियम वाढवले. आणि त्याच पुस्तकाच्या शेवटी नियमांच्या शब्दापेक्षा खेळाचा गाभा महत्त्वाचा, असेही बजावले. राइसविट्झ आणि व्हेर्डी एकाच बांधणीत! २०१४च्या आवृत्तीत क्रम असा आहे: आधी जग कसे रचावे, मग साहस कसे चालवावे, आणि नियम सर्वांत शेवटी.